दोन बोटं माया

आत्यानं पिशवी हातात घेतली, आत काय आहे हे न बघता सरळ उलटी केली, आणि माहितीपुस्तक, पेन, पाण्याची बाटली असं सगळं नोंदणीच्या टेबलावर सांडलं. टेबलामागची मुलगी दचकली आणि मग उगाच हसली. आत्याचं तिकडे लक्षच नव्हतं. ती पिशवीच्या आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवत होती.

"हिच्यात मायाच ठेवली नाहीये," ती म्हणाली. "काठाला काठ लावून नुसती टीप मारलीय. चार दिवस टिकली तर नशीब."

"आत्या, फुकट असते गं ती," चिंगी सांडलेलं गोळा करत म्हणाली.

"फुकट असली म्हणून उसवायची?" आत्यानं पिशवी पुन्हा सुलट केली आणि तिच्यावरची जांभळी अक्षरं लांब धरून बघितली. "आणि हे एवढं मोठं काय लिहिलंय?"

चिंगीनं टेबलाखाली गेलेलं पेन उचलायला जरा जास्तच वेळ लावला. मग म्हणाली, महोत्सवाचं नाव आहे.

ते महोत्सवाचं नाव नव्हतं. तिथल्या भाषेत पिशवीवर लिहिलं होतं, ‘दोन बोटं प्रेम ठेवा’. खाली बारीक अक्षरांत, हे एका शिवणकाम करणाऱ्या बाईचे उद्गार आहेत असा खुलासाही होता. ही बाई म्हणजे आत्या. आणि आत्या असलं काही जन्मात कधी म्हणाली नव्हती.

चिंगी हे नाव ती पाळण्यात असताना पडलं आणि तिथेच राहायला हवं होतं. पुढे ती इतकी उंच वाढली की घराच्या दारातून जरा वाकूनच आत यायची. आता चाळिशी ओलांडली, केस पिकायला लागले, तरी घरात ती चिंगीच. चिंगी माहितीपट काढायची. हा नक्की काय उद्योग आहे ते तिच्या भावाला कधी कळलं नाही. भेटला की तो एकच प्रश्न विचारायचा, थिएटरला कधी लागतोय? नवऱ्यानं काहीही विचारायचं सोडून दिलं होतं. तो गुपचूप बॅग उचलून विमानतळावर सोडायला यायचा.

पहिला माहितीपट तिनं दुकानांमधले वजनकाटे तपासणाऱ्या एका इन्स्पेक्टरवर काढला होता, दुसरा बंदरावरच्या भोंग्यावर. दोन्ही घेऊन ती गावोगावचे महोत्सव फिरली. महोत्सव म्हटलं की लोकांना लाल गालिचा दिसतो. चिंगीला दिसायची ती सकाळची पहिली वेळ, तीन नंबरचं सभागृह आणि त्यात विखरून बसलेली पाचसहा माणसं, त्यातली दोन पुढच्या सिनेमासाठी जागा धरायला आलेली. एकदा तर भोंग्याच्या सिनेमात एक गृहस्थ सुरुवातीपासून झोपले ते भोंग्यानंही उठले नाहीत. प्रश्नोत्तरांच्या वेळी जागे झाले, हात वर केला, आणि पुढचा सिनेमा किती वाजता आहे ते दिग्दर्शिकेलाच विचारलं. चिंगीनं खिशातून वेळापत्रक काढून सांगितलंही.

अशा ठिकाणी तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. त्यातला एक होता बर्फवाला. त्याचे सगळे सिनेमे बर्फावर असायचे आणि बहुतेक बक्षिसं त्यालाच मिळायची. माणूस चांगला होता, त्यामुळे त्याच्यावर धड चिडताही यायचं नाही. प्रत्येक महोत्सवात तो चिंगीची गळाभेट घेऊन म्हणायचा की ह्या खेपेला तुझा नंबर. आणि मग आपलं बक्षीस घ्यायला मंचावर जायचा.

तिसरा माहितीपट आत्यावर निघाला तो योगायोगानंच. आत्याचं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची खोली. एक मशीन, एक इस्त्री, भिंतीभर खुंट्या आणि खुंट्यांवर दुसऱ्यांचे कपडे. बाहेर पाटी, ‘कपडे लहान-मोठे करून मिळतील’. नवे कपडे आत्या फारसे शिवायची नाही. असलेले कपडे माणसाला बसतील असे करून द्यायची. माणूस सुटला की कपडा सोडायची, वाळला की आत घ्यायची, आणि दोन्ही वेळा त्याला चार शब्द ऐकवायची. चिंगी कॅमेरा घेऊन तिथे कोपऱ्यात बसली. सिनेमाचं नाव ठेवलं ‘लहान-मोठे’.

त्यात एक प्रसंग आहे. एक बाई लेकीच्या शाळेच्या गणवेशाचं कापड घेऊन येते आणि म्हणते, अगदी मापात शिवा, ढगळ नको. आत्या तोंडात टाचणी धरून तिला सांगते, "माया ठेवायची दोन बोटं. पोर वाढतं, कापड वाढत नाही." झालं, एवढंच. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात, हे मशीनवर बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. पण चिंगीच्या सिनेमाचं भाषांतर ज्यानं केलं तो पुस्तकातला माणूस. त्यानं आयुष्यात सुईत दोरा ओवला नव्हता. त्याला माया म्हणजे माया एवढंच माहीत. त्यानं पडद्याच्या खाली लिहून टाकलं, दोन बोटं प्रेम ठेवा.

चिंगीला हे कळलं तिसऱ्या महोत्सवात. आत्याच्या तोंडात टाचणी आली आणि सभागृहातून एकदम सुस्कारा निघाला. शेजारची बाई डोळे पुसायला लागली. गणवेशाच्या मापात रडण्यासारखं काय आहे म्हणून चिंगीनं खालच्या ओळीकडे बघितलं, तर तिथे प्रेम लिहिलेलं.

तेव्हाच दुरुस्त करायला हवं होतं. तिनं ठरवलंही होतं, पुढच्या महोत्सवाच्या आधी करू. पण तोवर एका मोठ्या समीक्षकानं त्याच ओळीचा मथळा देऊन लेख लिहिला होता. तो लेख वाचून पुढच्या महोत्सवानं बोलावलं, त्यानं बोलावलं म्हणून त्याच्या पुढच्यानं. सभागृहं भरायला लागली. ज्या बाईनं लोकांना झोपेतून उठून वेळ विचारताना बघितलंय, तिला भरलेल्या सभागृहाचं काय वाटत असेल, हे आपण समजून घेतलं पाहिजे. दुरुस्ती पुढच्या पुढच्या महोत्सवावर गेली.

घरी आली की चिंगी जिन्याखालच्या खोलीत जाऊन सांगायची, आत्या, लोकांना तुझं काम फार आवडलं. आत्या वर न बघता म्हणायची, आवडणारच. पण दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, मग ते पँटची चेन बदलायला आलेलं का असेना, ऐकून घ्यावं लागायचं की परदेशात माझ्या शिलाईला टाळ्या पडतात. टाळ्या शिलाईला नव्हत्या. आत्या जे बोललीच नाही त्याला होत्या. हे तिला कळलं तर तिच्या जिवाला किती लागेल, ह्या विचारानं चिंगीला खरंच झोप लागत नसे.

आणि आता ह्या महोत्सवानं आत्यालाच बोलावलं होतं. सिनेमानंतर मंचावर येऊन लोकांशी बोला म्हणून.

बोलणं समजावून सांगायला आयोजकांनी एक बाई दिली होती. लग्न होऊन तिकडे गेलेली, दातांची डॉक्टर. आपली भाषा बोलायला मिळतेय ह्याच आनंदात तिनं दोन दिवस दवाखाना बंद ठेवला होता. सिनेमा सुरू व्हायच्या आधी चिंगीनं तिला जिन्याजवळ गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. लोक त्या ओळीबद्दल विचारणारच, आत्याला कळू द्यायचं नाहीये, तेवढं सांभाळून घ्याल का?

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर विचार केला. "सांभाळून घ्यायचं म्हणजे खोटं सांगायचं ना? जमेल की. दुखणार नाही असं मी रोज सांगते."

सभागृह भरलं होतं. आत्या पहिल्या रांगेत ठेवणीतले कपडे घालून ताठ बसली होती. पडद्यावर स्वतःला एवढं मोठं बघून तिनं फक्त एकदा चिंगीच्या कानात सांगितलं की मागची इस्त्री हलवायला हवी होती, पसारा दिसतोय. टाचणीचा प्रसंग आला. नेहमीसारखा सुस्कारा निघाला. आत्यानं मागे वळून बघितलं आणि मान डोलावली. तिला वाटलं, जाणकार लोक आहेत.

मंचावर सुरुवातीला सगळं ठरल्यासारखं पार पडलं. एकानं विचारलं, एवढं प्रेम तुमच्याकडे आलं कुठून? डॉक्टरीणबाईंनी आत्याला विचारलं, शिवण कुणाकडे शिकलात? आत्यानं सांगितलं, शेजारी एक बाई होत्या, फार कडक होत्या, टाका वाकडा गेला की पट्टीनं मारायच्या. डॉक्टरीणबाईंनी त्याचं काय केलं कोण जाणे, पण टाळ्या पडल्या. आत्याचा चेहरा खुलला. ती पुढे सरकून बसली आणि पट्टी लाकडाची होती की लोखंडाची तेही सांगायला लागली. न विचारलेल्या प्रश्नांची ती इतक्या मनापासून उत्तरं देत होती की चिंगीला तिच्याकडे बघवेना. आपण तिला सांभाळत नाही आहोत, तिची चेष्टा करतो आहोत, असं तिला वाटलं आणि स्वतःची लाज वाटली.

मग मधल्या रांगेतली एक बाई उठली. तिनं आपली पिशवी उंच धरली, जांभळ्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि काहीतरी विचारलं.

"महोत्सवाचं नाव कशाला दाखवतेय ती?" आत्यानं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं, पण चिंगीकडे बघून मिटलं. चिंगीनं माइक हातात घेतला.

"आत्या, ते महोत्सवाचं नाव नाही. तुझं वाक्य आहे. दोन बोटं माया ठेवायची म्हणतेस ना, त्यात माया होतं तिथे ह्यांनी प्रेम लिहिलंय. सिनेमातही तसंच आहे. पहिल्यापासून."

माइक चालूच होता. सभागृहानं हे सगळं ऐकलं आणि कुणाला अक्षर कळलं नाही. सगळे वाट बघत बसले.

"प्रेम?" आत्या म्हणाली.

"हो."

"मी गिऱ्हाइकाला सांगितलं, गणवेशात प्रेम ठेवा?"

"हो."

आत्या त्या पिशवीकडे बघत राहिली. तिच्या ओठांच्या कडा हलल्या. चिंगीला वाटलं, आता रडणार. पण आत्याला हसू फुटलं. आधी तिनं ते दाबलं, मग तोंडावर हात घेतला, मग खांदे गदगदायला लागले आणि ती इतकी हसली की खुर्चीचा हात धरावा लागला. का ते न कळताच लोकही हसायला लागले. डोळे पुसून आत्यानं खालून ती पिशवी मागवून घेतली, आतलं सामान बाजूच्या टेबलावर नीट ठेवलं, पिशवी उलटी केली आणि लोकांसमोर धरली.

"ह्यांना सांगा, मी शिवणीबद्दल बोलत होते," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं कापड. बाहेरून दिसत नाही. पोर मोठं झालं की टाके उसवायचे आणि ते सोडायचं. ह्या पिशवीत ठेवलेली नाही, बघा, म्हणून ही उसवायला लागलीय. आणि प्रेमाबद्दल मला काही विचारू नका, माझं लग्न झालेलं नाही."

ह्या वेळी डॉक्टरीणबाईंनी शब्दाला शब्द सांगितलं. शेवटी स्वतःच्या मनानं थोडं जोडलं, की आमच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे, आणि तुमच्या भाषेत मी आत्ता उभ्या उभ्या शोधला, मला काही सापडला नाही. त्या लेखवाल्या समीक्षकाचा चेहरा चांगलाच पडला, तो परीक्षकही होता. मग कुठेतरी सळसळ ऐकू आली. लोकांनी आपापल्या पिशव्या उलट्या करायला घेतल्या होत्या.

बाहेरच्या दालनात तर गंमतच झाली. हातात कॉफीचे पेले घेऊन, एरवी कॅमेऱ्यांबद्दल बोलणारी मोठमोठी माणसं आपल्या कोटांची अस्तरं आणि बाह्या उलटून बघत होती. आत्याभोवती रांग लागली. ती एकेकाची शिवण चिमटीत धरून निकाल देत होती, भरपूर आहे, जेमतेम आहे, ह्याला फसवलंय. बर्फवाला आपलं जाकीट घेऊन आला, खांद्यावर फाटलेलं, कुठल्याशा हिमनदीवर. आत्यानं डॉक्टरीणबाईंमार्फत त्याला विचारलं की एवढी बक्षिसं मिळतात तर एक जाकीट का घेत नाहीस, आणि ते ठेवून घेतलं. समीक्षक सगळ्यात शेवटी आला. थोडा वेळ घुटमळला, मग पँटच्या कमरेचा पट्टा उलटा करून त्यानं मान खाली घालून दाखवला. आत्या म्हणाली, अजून एक बोट सोडता येईल. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

दुपारी हॉटेलच्या खोलीत आत्या खिडकीजवळ बर्फवाल्याचं जाकीट घेऊन बसली. तिची कात्री विमानतळावरच काढून घेतली होती. डॉक्टरीणबाईंनी हिरड्यांचे टाके कापायची बारीक कात्री पर्समधून काढून दिली होती, आणि आत्याला ती इतकी पसंत पडली होती की परत मिळण्याची आशा कमी होती.

खांदा शिवून झाला. मग आत्यानं दोरा दातानं तोडला.

"मी आपली गावभर सांगत सुटले, परदेशात माझ्या शिलाईला टाळ्या पडतात."

"चुकलं माझं, आत्या."

"चुकलंच. पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस, तर पहिल्याच दिवशी हसलो असतो." तिनं जाकीट झटकून बघितलं. "आज मात्र शिलाईलाच पडल्या. पडल्या ना?"

"पडल्या."

"मग झालं. आता ते खालचं दुरुस्त कर." आणि थोडं थांबून, "पिशव्या राहू देत. छापल्यात बिचाऱ्यांनी."

संध्याकाळी बक्षिसांचा कार्यक्रम होता. चिंगीनं बॅगेतून कोट काढला. हा तिच्या वडिलांचा, आत्यानंच शिवलेला, गडद निळा कोट. वडिलांच्या अंगावर तो वर्षानुवर्षं उन्हातान्हात फिरून राखाडी व्हायला आला होता. ते गेल्यावर चिंगीनं घेतला आणि प्रत्येक महोत्सवाला तोच घातला. आज बटण लागेना. श्वास आत ओढून बघितला, तरी नाही. महोत्सवातलं फुकटचं खाणं असं कुठेतरी दिसतंच.

"काढ," आत्या म्हणाली.

तिनं कोट उलटा करून मांडीवर घेतला, अस्तराची कड सोडवली आणि दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवायला घेतल्या. चिंगी पलंगावर बसून बघत राहिली. हजारदा कॅमेऱ्यातून बघितलेले हात होते, पण समोर कॅमेरा नसताना ते म्हातारे दिसत होते. शिवण उघडली आणि आतून चांगलं दोन बोटं रुंद कापड निघालं.

"एवढी ठेवली होतीस?"

"दादा तेव्हा अगदी काडी होता. नवी नोकरी, लग्न ठरलेलं. म्हटलं, आता भरेल. म्हणून चांगली हात सैल सोडून ठेवली." आत्या कच्चे टाके घालत होती. "दर वर्षी विचारायचे, दादा, सोडू का? तो म्हणायचा, पुढच्या वर्षी. तो काही भरला नाही. शेवटी शेवटी तर मीच आत घ्यायला निघाले होते, तर म्हणाला, राहू दे, चिंगीला होईल."

चिंगीला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला रडू आलं आणि ती रडली. आत्यानं तिला रडू दिलं, फक्त कोटावर सांडू नको म्हणाली.

कोट अंगावर चढवून तिनं बटण लावलं. लागलं. आत्यानं दोन्ही बाजू ओढून बघितल्या, पाठीवरून हात फिरवला आणि सुई पुडीत खोचली.

"आता ह्याच्यात माया उरली नाही. वजन वाढवू नकोस."

मोठं बक्षीस बर्फवाल्याला मिळालं. शिवलेलं जाकीट घालून तो मंचावर गेला आणि आभार मानताना पहिलं नाव आत्याचं घेतलं. ‘लहान-मोठे’ला काहीच मिळालं नाही. चिंगीला वाईट वाटलं, पण वाटायला हवं होतं त्याहून कमी. सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले तशी तीही उठली आणि हात उंच करून मनापासून टाळ्या वाजवायला लागली.

आत्यानं खालून तिचा कोट ओढला. "हात खाली घे. पट्ट्या दिसतायत."

खरंच दिसत होत्या. विटलेल्या कोटाच्या दोन्ही कुशींना, काखेपासून खालपर्यंत, एकेक पट्टी होती, गडद निळी. तिला कधी ऊन लागलं नव्हतं. आत्यानं ते कापड पहिल्यांदा कात्रीखाली घेतलं त्या दिवशी होता तसाच तिचा रंग होता.

चिंगीनं हात खाली घेतले नाहीत.